खिशातला टेलिप्रिंटर

घरातल्या माणसांनी आपलं ऐकावं, ही अपेक्षा मी फार वर्षांपूर्वी सोडून दिली. ‘जरा पंखा लावा रे कुणीतरी’ एवढं म्हणायलासुद्धा मला दोनदा खाकरावं लागतं, आणि शेवटी पंखा मीच लावतो. अशा माणसाच्या भाचीने नुसत्या अंगठ्याने चार अक्षरं दाबावीत, आणि कुठल्या तरी परक्या शहरातल्या, तिने जन्मात न पाहिलेल्या यंत्राने मुकाट्याने तिचं ऐकावं, हे पाहून त्या माणसाला काय वाटत असेल, ते ज्यांच्या घरी पंखा आहे त्यांनीच समजून घ्यावं.

ही भाची सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे सेवक, असं आम्हांला इंग्रजीच्या मास्तरांनी शिकवलं होतं. इथे सेवक गारेगार खोलीत बसलेला असतो आणि त्याची सेवा भाची करते. सेवेचं साधन म्हणजे तिच्या फोनातलं ‘टर्मिनल’ नावाचं एक ॲप. ते उघडलं की काळी पाटी दिसते. तिच्यावर बारीक पांढरी अक्षरं आणि शेवटी लुकलुकणारा एक चौकोन. चित्र नाही, बटण नाही, गाणं नाही. आजच्या फोनात इतकी सोवळी जागा दुसरी नसेल.

मी ती पहिल्यांदा पाहिली एका लग्नात. मंगलाष्टकं चालली होती. तिसऱ्या ‘सावधान’ला भाचीचा फोन थरथरला आणि ती खरोखरच सावधान झाली. पैठणीचा पदर खोचून ती खांबाआड गेली आणि अंगठे चालवू लागली. माझ्या बहिणीने कपाळाला हात लावला. “अगं, कार्यालयात तरी तो फोन ठेव. लोक काय म्हणतील?” लोक काही म्हणत नव्हते. लोकांचंही लक्ष आपापल्या फोनांतच होतं.

मी मात्र उत्सुकतेने मागे जाऊन डोकावलो. “फोन बिघडलाय वाटतं गं. सगळं काळं दिसतंय.”

“नाही मामा. सर्व्हरवर आहे मी.”

‘माळ्यावर आहे’ म्हणावं तितक्या सहजपणे ती हे म्हणाली. तिच्या कंपनीच्या त्या यंत्रावर बऱ्याच दवाखान्यांच्या नोंदी असतात. यंत्राच्या डिस्कवर नोंदवह्यांचा ढीग साचून ती काठोकाठ भरली होती. त्यामुळे कुठल्या तरी गावच्या दवाखान्यात पेशंटचा केसपेपर निघेना आणि खिडकीपुढे रांग वाढत चालली होती. इकडे अंतरपाट धरलेला, तिकडे तापाने फणफणलेलं पोर घेऊन कोणी तरी रांगेत उभं. या दोघांच्या मधे माझी भाची आणि तिचे दोन अंगठे. जुन्या नोंदवह्या खोडण्याचा हुकूम तिने टाइप केला. पण तो सोडण्याआधी थांबली, ओळीच्या सुरुवातीला असलेलं यंत्राचं नाव ओठांतल्या ओठांत दोनदा वाचलं, आणि मगच कळ दाबली.

“नाव काय वाचत होतीस?”

“आपण नक्की कोणत्या सर्व्हरवर आहोत ते. चुकीच्या यंत्रावर हा हुकूम दिला तर संपलंच. ते विचारतसुद्धा नाही.”

हे ऐकलं आणि मला एकदम टेलेक्सच्या खोलीचा वास आला. यंत्राचं तेल, शाईची फीत आणि रात्रपाळीचा चहा यांचा मिळून एक वास असतो, तो.

सांगायचं म्हणजे, माझी उमेद एका वृत्तपत्राच्या कचेरीत गेली. तिथे एका खोलीत वृत्तसंस्थांचे टेलिप्रिंटर रात्रंदिवस खडखडत असत. मिनिटाला साठ-सत्तर शब्द या वेगाने जगातली संकटं इंग्रजीत येऊन पडत आणि आम्ही ती मराठीत करत असू. मोठी बातमी असली की यंत्रातली घंटा वाजे. शेजारी टेलेक्स होता. त्यावर आपणही लिहू शकत होतो. त्या टेलेक्सला एक कळ होती : ‘हू आर यू?’ नंबर लागला की आधी ती दाबायची. पलीकडचं यंत्र, तिथे माणूस असो वा नसो, आपलं ठरलेलं नाव आपोआप छापून पाठवी. ते बरोबर असेल तरच मजकूर सुरू. मजकूर संपला की पुन्हा तीच कळ. सुरुवातीला जो होता तोच शेवटी आहे ना, मधेच तार तुटून आपण भिंतीशी तर बोलत नव्हतो ना, याची खात्री म्हणून. एवढी सावधगिरी मी पुढे टेलिफोनवर, आणि लग्न ठरवतानासुद्धा, कुणाला घेताना पाहिलं नाही.

भाचीने ते सगळं ऐकून घेतलं आणि काळ्या पाटीवर तीन अक्षरं टाइप केली : टी, टी, वाय. यंत्राने उत्तर दिलं. “मामा, हा हुकूम दिला की माझं टर्मिनल कोणतं ते तो सांगतो. आणि टीटीवाय म्हणजे टेलिटाइप.” टेलिटाइप ही टेलिप्रिंटर बनवणारी अमेरिकन कंपनी. म्हणजे पलीकडच्या त्या गारेगार खोलीतल्या यंत्राची आजही अशी समजूत आहे, की तारेच्या दुसऱ्या टोकाला एक टेलिप्रिंटर खडखडतो आहे. पैठणी नेसलेली, हातावर मेंदी काढलेली पोरगी त्याच्या हिशेबी टेलिप्रिंटरच!

या गैरसमजाचा इतिहास मोठा मजेदार आहे. तो सुरू होतो ११ सप्टेंबर १९४० रोजी, अमेरिकेतल्या हॅनोव्हर या गावी, डार्टमथ कॉलेजात. गणितज्ञांचं अधिवेशन भरलं होतं. बेल प्रयोगशाळेतले जॉर्ज स्टिबिट्झ यांनी आकडेमोड करणारं एक यंत्र तयार केलं होतं. ते होतं न्यूयॉर्कला, सुमारे ४०० किलोमीटर दूर. यंत्र हलवणं अवघड, म्हणून स्टिबिट्झनी फक्त टेलिप्रिंटर नेला आणि तारेने तो न्यूयॉर्कला जोडला. इथे गणित टाइप करायचं, तिथे यंत्राने ते सोडवायचं, इथे उत्तर छापून यायचं. प्रेक्षकांत जॉन फॉन नॉयमन, नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉकली अशी मंडळी होती. लांब बसून गणकयंत्राला काम सांगण्याचा हा पहिला जाहीर प्रयोग. त्याला पडदा नव्हता, उंदीर नव्हता, होता तो कचेरीतला टेलिप्रिंटर. आणि एकदा एखादी वस्तू कचेरीत शिरली की ती निवृत्त होत नाही, हे सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

पुढे गणकयंत्रं मोठी झाली, महाग झाली. एका वेळी एकाच माणसाने ती वापरायची म्हणजे एका प्रवाशासाठी अख्खी आगगाडी सोडण्यासारखं. तेव्हा नोव्हेंबर १९६१ मध्ये एम.आय.टी.त फर्नांडो कॉर्बातो यांनी एकच यंत्र अनेकांना वाटून देण्याची युक्ती करून दाखवली. प्रत्येकापुढे स्वतःचं टंकनयंत्र, आणि प्रत्येकाला वाटावं की गणकयंत्र फक्त माझंच आहे. एकत्र कुटुंबातल्या आज्या हेच करत असत. प्रत्येक नातवाला वाटे, लाडू फक्त मलाच दिला.

पण सामाईक घर म्हटलं की कुलपं आली. ज्याची त्याची कागदपत्रं वेगळी राहावीत म्हणून त्या यंत्रावर पासवर्ड आला. लगेच १९६२ साली ॲलन शेर नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्याने, यंत्रावर आपल्याला वेळ कमी मिळतो म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. आणि १९६६ साली तर दोन फायलींची अदलाबदल झाली. सकाळचा स्वागताचा निरोप छापून यायचा त्या जागी, जो जो येईल त्याच्यापुढे सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले! वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांच्या किल्ल्या दिंडीदरवाजाला टांगाव्यात तसं झालं. ‘तू कोण?’ हा प्रश्न सोपा, पण उत्तर खरं आहे कशावरून, हा अवघड. टेलेक्सवाल्याला जे नाव येई त्यावर विश्वास ठेवून भागत होतं. इथे ते भागेना.

मग २९ ऑक्टोबर १९६९. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने रात्री साडेदहाच्या सुमारास स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या यंत्रावर शिरायचा प्रयत्न केला. आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतो त्याची ही पाचवी पूजा. ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करायचा होता. पलीकडे बिल डुव्हाल हे टेलिफोन कानाला लावून बसले होते. एल आला का? आला. ओ आला का? आला. जी म्हणताच पलीकडचं यंत्र कोसळलं. तासाभराने जमलं म्हणा. पण लक्षात घ्या, या जाळ्यावरून गेलेला पहिला निरोप प्रेमपत्र नव्हता की बातमी नव्हती. लांबच्या यंत्राचं दार वाजवणं, हाच तो निरोप होता. आज भाची लग्नात तेच करत होती.

त्याच १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. भाचीचे सर्व्हर त्याच घराण्यातले. त्या काळचा टेलिटाइप सेकंदाला फार तर १० अक्षरं छापी आणि त्याच्या कळा दाबायला बोटांत पैलवानी लागे. त्यामुळे हुकूम आखूड झाले. यादी दाखव : एल-एस. नक्कल कर : सी-पी. हलव : एम-व्ही. खोडून टाक : आर-एम. एका हुकमात तर ‘क्रिएट’ या शब्दातला शेवटचा ‘ई’सुद्धा गाळला. युनिक्स पुन्हा लिहायचं झालं तर काय बदलाल, असं पुढे विचारलं तेव्हा, तो ‘ई’ घालीन, असं थॉम्प्सन म्हणाले. आपल्याला या काटकसरीचं नवल वाटायला नको. शब्दाला पैसे मोजून तार करणारी आपली माणसं. कर्ता, क्रियापद, कधीकधी अर्थही वाचवून आपण दशकानुदशकं तारा केल्या. जुलै २०१३ मध्ये आपली तारसेवा बंद झाली, पण तारेची भाषा सर्व्हरवर सुखाने नांदते आहे.

युनिक्सचा दुसरा गुण म्हणजे मौन. काम झालं तर तो काही बोलत नाही, बिनसलं तरच तोंड उघडतो. आमचे आजोबा असेच होते. आमटी चांगली झाली की मुकाट जेवत.

कागद जाऊन पडदा आला तरी टेलिप्रिंटर गेला नाही, फक्त काचेआड गेला. १९७८ साली डेक कंपनीचं ‘व्हीटी १००’ आलं. त्यात ८० अक्षरांच्या २४ ओळी. ८० का? तर आय.बी.एम.च्या १९२८ सालच्या भोकं पाडायच्या कार्डावर ८० रकाने होते, तो आकडा वडिलोपार्जित जमिनीसारखा पुढे पुढे चालत आला. आज भाचीच्या फोनातलं ॲप पलीकडच्या यंत्राला आपली जी ओळख देतं ती याच व्हीटी १०० च्या भाऊबंदांतली. आणि टेलिप्रिंटरची ती घंटा? अक्षरांच्या तक्त्यात तिचा क्रमांक ७. तोही अजून शाबूत. सर्व्हरने सात नंबर पाठवला की भाचीचा फोन थरथरतो. आम्हांला राजीनाम्याच्या आणि भूकंपाच्या बातम्यांनी उठवणारी घंटा ती हीच.

आता १९९५ सालाकडे या. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुलं केलं. ज्यांना चित्रांची चैन परवडत नसे त्यांच्यासाठी स्वस्तातलं ‘शेल’ खातं असे. मोडेम किंचाळायचा, आणि मग दिसायची तीच काळी पाटी! आपल्याकडच्या अनेकांची इंटरनेटशी पहिली भेट अशी अक्षरांतूनच झाली. लांबच्या यंत्रावर जायचं तर ‘टेलनेट’ होतं. पण टेलनेटचा पासवर्ड तारेवरून उघडा जाई, पोस्टकार्डासारखा. आणि पोस्टकार्ड पत्त्यावरच्या माणसाने वाचण्याआधी किती जण वाचतात, हे वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात त्याच वर्षी असंच झालं. जाळ्यावर कान लावून कुणीतरी पासवर्ड चोरले. तिथले तातू इलोनेन वैतागले आणि त्यांनी ‘एसएसएच’ लिहिलं. म्हणजे लखोटा बंद, वर लाख. फाइली पाठवायच्या दाराचा क्रमांक २१, टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता. इलोनेननी जुलैत एक पत्र पाठवून तो मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळाला! टेलिफोनच्या अर्जावर माझं अर्धं तारुण्य गेलं, तेव्हा हा भाग मी दोनदा वाचला. वर्ष संपेपर्यंत ५० देशांत सुमारे २०,००० लोक एसएसएच वापरू लागले होते. १९९९ साली त्याची खुली आवृत्ती, ओपनएसएसएच, निघाली आणि आज ती जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर आहे.

यात ‘तू कोण?’ दोन्ही बाजूंनी विचारलं जातं. भाची आपलं कुलूप सर्व्हरला देऊन ठेवते आणि किल्ली फोनात जपते. सर्व्हर कुलूप पुढे करतो, ते उघडलं तर ती खरी. आणि सर्व्हर खरा कशावरून? पहिल्या भेटीत तो आपल्या अंगठ्याचा ठसा दाखवतो, अगम्य अक्षरांची एक लांब माळ, आणि विचारतो : पुढे जायचं नक्की? नुसतं ‘वाय’ चालत नाही, ‘येस’ पूर्ण लिहावं लागतं. ती माळ ताडून पाहणारे किती असतील? सत्यनारायणाला भटजी ‘मम म्हणा’ म्हणतात आणि यजमान पुढचं-मागचं न ऐकता ‘मम’ म्हणतो, तसं सगळे ‘येस’ म्हणतात. एवढं मात्र खरं, की तोच सर्व्हर पुढे कधी वेगळा ठसा दाखवू लागला तर फोन लाल कंदील दाखवल्यासारखा अडून बसतो. यजमानाची आठवण इतकी पक्की नसते.

२००८ साली ॲपल आणि अँड्रॉइड या दोन्ही घराण्यांच्या फोनांवर ॲपची दुकानं उघडली, आणि थोड्याच काळात काळी पाटी खिशात आली. येताना दोन अडचणी झाल्या. पहिली कळांची. टेलिप्रिंटरच्या वंशाला ‘कंट्रोल’ लागतो, ‘एस्केप’ लागतो. निरोप टाइप करायच्या कळफलकावर फुलं आणि बदाम आहेत, पण कंट्रोल नाही. म्हणून अशी ॲप्स कळफलकाच्या डोक्यावर या जुन्या कळांची एक जादा ओळ घालतात. शिवाय फोनला आपलं शुद्धलेखन सुधारायची खोड. आपण ‘एल-एस’ म्हणावं आणि त्याने ‘इज’ लिहावं. सर्व्हरपुढे असली विद्वत्ता उपयोगाची नाही. ती आधी बंद करावी लागते.

दुसरी अडचण तारेची. पुण्याहून मुंबईला जाताना भाचीची गाडी घाटातल्या बोगद्यात शिरली की रेंज जाते. पूर्वी तार तुटली की सर्व्हर समजे, माणसाने टेलिफोन ठेवला. मग तो चाललेल्या कामाला ‘हँगअप’ असा निरोप देई, आणि काम अर्ध्यावर प्राण सोडी. मोडेम गेले, टेलिफोनचा तो काळा रिसीव्हर गेला, पण हा निरोप अजून त्याच नावाने चालतो. त्यावर १९८७ साली बर्लिनच्या तंत्र विद्यापीठात ‘स्क्रीन’ नावाचा उपाय निघाला. तार तुटली तरी काम तिकडे चालू राहतं, आपण पुन्हा येऊन हातात घ्यायचं. २०१२ साली एम.आय.टी.त ‘मॉश’ निघालं, ते फिरत्या माणसांसाठीच. रेंज जावो, फोन एका जाळ्यातून दुसऱ्यात जावो, ते धीर धरून असतं. सर्व्हरचं उत्तर यायला वेळ लागला तर आपलं अक्षर अंदाजाने स्वतःच दाखवतं, आणि हा अंदाज आहे हे कळावं म्हणून त्याखाली रेघ मारतं. अंदाज आणि बातमी यांत इतका प्रामाणिक फरक आमच्या कचेरीतसुद्धा केला जात नसे.

हे सगळं समजल्यावर मी भाचीला म्हणालो, “म्हणजे आता कुठूनही काम करता येतं. बरं झालं की.”

“हो मामा. म्हणून कुठेही करावं लागतं.”

हे वाक्य कोणत्याही इतिहासात लिहिलेलं नाही, पण मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आमची रात्रपाळी दोनला संपे. टेलिप्रिंटर खडखडत राही, पण तो खोलीत आणि आम्ही घरी. मधे रस्ता होता, सायकल होती, बंद दार होतं. त्या अंतराचा आम्ही पगार घेत नव्हतो, पण त्यावर जगत होतो. स्टिबिट्झपासून मॉशपर्यंत शहाण्या माणसांनी बहात्तर वर्षं खपून हे अंतर पुसलं. माणूस लांबून यंत्राला हुकूम सोडू लागला, पण तार म्हटली की तिला दोन टोकं. आज पहाटे तीनला सात नंबरची घंटा वाजते आणि भाची उठते. सेवक कोण नि मालक कोण, हे आता ती ‘हू आर यू’ची कळ दाबूनही कळायचं नाही.

तिने उठू नये असं मी म्हणत नाही. रांगेतल्या पोराचा केसपेपर निघायलाच हवा. फक्त घंटेला पाळी असावी, आज हिची तर उद्या दुसऱ्या कुणाची, एवढंच. तेवढं शहाणपण आमच्या त्या कळकट कचेरीलाही होतं.

आणि टेलिप्रिंटर बनवणारेही ते जाणून होते. अक्षरांच्या त्याच जुन्या तक्त्यात सात नंबरच्या थोडं आधी चार नंबर लागतो. त्याचं नाव ‘एंड ऑफ ट्रान्समिशन’. कंट्रोल धरून इंग्रजी वर्णमालेतलं चौथं अक्षर ‘डी’ दाबायचं. काळ्या पाटीवर रिकाम्या ओळीशी असताना ते दाबलं, की सर्व्हर निमूटपणे दार लावून घेतो. सगळे हुकूम शिकून झाल्यावर भाचीने मलाही एक शिकवला, तो हाच. फोनवर कंट्रोलची कळ जादा ओळीत डावीकडे आहे. ती सापडायला मला दोन मिनिटं लागली. पण दाबल्याबरोबर यंत्राने ऐकलं, आणि खाकरावंसुद्धा लागलं नाही.